आबांचा कॅमेरा

“थांबा मॅडम, तापलीय ती. जरा दम खाऊ दे,” असं म्हणून ते कॉम्प्युटरच्या पेटीवर उलटा हात ठेवायचे, आजारी पोराचा ताप बघावा तसा. मग तिचं बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावायचे आणि चहाला जायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याला यंत्राशी बोलताना संकोच वाटत नाही.

सानपाड्याच्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसातले ते थ्रीडीवाले. आम्ही नकाशे काढायचो आणि न बांधलेली इमारत ते बांधून झाल्यासारखी दाखवायचे. झाडं, गाड्या, बाल्कनीतलं कोवळं ऊन, सगळं. बिल्डर ते व्ह्यू जाहिरातीत छापायचे आणि लोक घरं बुक करायचे. ती पेटी त्यांनी स्वतः जोडली होती. ऑफिसच्या मालकांच्या, म्हणजे सरांच्या मागे लागून तिच्यात कधी नवं ग्राफिक्स कार्ड, कधी मेमरी घालून घ्यायचे. नवा भाग आला की अगरबत्ती आणि पेढे. सर म्हणायचे, “अहो, हिचं बारसं किती वेळा करणार?”

मग सरांच्या डोक्यात क्लाउड शिरलं. फाइल इंटरनेटवरून पाठवायची, कुठल्या तरी दूरच्या मशिनी चित्रं काढून देणार, वापराल तेवढं भाडं. आमची पेटी एका व्ह्यूला दिवस घालवायची, तिथे चहा होईस्तोवर काम तयार.

“भाड्याचं ते भाड्याचंच, मॅडम,” ते मला म्हणाले. “आपल्या पेटीत आज ना उद्या भर घालता येते. तिकडं आपलं काय?” स्वतः नेरूळला अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस हे बोलत होता.

शेवटी सरांनी तोड काढली. खाडीकाठच्या टॉवरचं काम क्लाउडवर करून बघायचं. जमलं तर क्लाउड, नाही तर पेटीला नवं कार्ड. फाइल थ्रीडीवाल्यांनीच तयार केली, अगदी मन लावून. “हरायचं तर नीट हरू,” म्हणाले.

चित्रं आली ती थेट सगळ्यांच्या फोल्डरमध्ये, आणि सरांनी ती बिल्डरसमोर टीव्हीवर लावली. लॉबी, गच्ची, पोहण्याचा तलाव, सगळं झकास. मग एका फ्लॅटचा हॉल आला. खिडकीशी लोखंडी खाट, तिच्यावर घोंगडी, जवळ पितळी तांब्या, भिंतीला हमालाचा आकडा टांगलेला. बाहेर खाडी. चित्राखाली कॅमेऱ्याचं नाव: आबा.

“हे कुणाचं घर?” बिल्डर हसत म्हणाला. “खाट बघून गिऱ्हाईक पळेल ना राव!”

कॅमेरा म्हणजे इमारत कुठून बघायची ती फाइलमध्ये ठरवलेली जागा; पेटीवर थ्रीडीवाले हवा तो कॅमेरा निवडून चित्र काढायचे. क्लाउडवर फाइल गेली आणि तिच्यातले सगळे कॅमेरे तिच्याबरोबर गेले, प्रत्येकाचं चित्र निघालं. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सरांनी विचारलं तेव्हा त्यांना खोटं सुचलं नाही. “माझे वडील, सर. मार्केटात माथाडी होते. आता अंथरुणावर आहेत. घर बुक केलंय म्हणून सांगितलंय त्यांना. मग अधूनमधून व्ह्यू दाखवावा लागतो.”

“प्रत्येक प्रोजेक्टमधला?”

“हो सर. पझेशन लांबलंय म्हणतो.”

यावर बिल्डरच सगळ्यात मोठ्यानं हसला. आम्हीही हसलो. मग सर म्हणाले, “काढून टाका ते, आत्ताच.” टीव्ही चालू होता. सगळ्यांच्या देखत थ्रीडीवाल्यांनी खाट काढली, मग तांब्या, मग आकडा. भिंत मोकळी झाली. मला शरमेनं बघवेना, म्हणून मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

संध्याकाळी ते सरांना म्हणाले, “क्लाउडच घ्या, सर.” त्यानंतर ते ऑफिसला आले नाहीत.

सरांनाही टोचलं असावं. ती पेटी त्यांनाच देऊन टाकू, असा निरोप घेऊन मी नेरूळला गेले. पहिल्या मजल्यावरची खोली. ते दूध आणायला गेले होते. आबा खिडकीशी खाटेवर पडून होते.

“तुमी हापिसातल्या का?” त्यांनी विचारलं. “त्यो फोटू का दावत न्हाई आता?”

“कामं जरा कमी आहेत, आबा.”

“ताई, मला ठावं हाय. दर खेपंला खिडकी येगळी असती. कदी खाडी, कदी डोंगर. येवढी घरं कोन घेतंय? पन खाट माजी असती. बरं वाटतं बघाया. त्याला म्हनावं, दावत जा. मी काय बी इचारनार न्हाई.”

जिन्याखाली ते दूध घेऊन येताना भेटले. पेटीला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग मी आबांचा निरोप सांगितला. वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल.

त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे आबांना माहीत होतं? मी दाखवायचो, सोफा कुठं ठेवू विचारायचो, तेव्हा ते...” दुधाची पिशवी मांडीवर घेऊन ते पायरीवर बसले. “तुम्ही जा, मॅडम. मी जातो वर, जरा वेळानं.”

वरून आबांनी हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही, मान तेवढी आणखी खाली घातली.