पोटातलं पाणी आणि देवळातलं गाऱ्हाणं

माझ्या नवऱ्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण गावाने उलटंच धरलं होतं आणि ते धरायला लावलं माझ्या चुलत दिरांनी. देवाच्या पालखीचा पुढचा खांदा आमच्या घरचा मान. नवरा बेवडा ठरला की तो मान दिरांच्या घरात जायचा.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. ह्यांच्या जुन्या दम्यावर मुंबईहून नव्या गोळ्या आल्या. हे सुखाने झोपू लागले. मग तोंड सुजलं, पोटात पाणी भरलं. गावच्या डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं आणि न तपासता ओतून दिलं. "दारूचं पोट," म्हणाले. दिरांनी त्यांचे कान आधीच भरले होते.

पोट पुन्हा भरलं. मी बांधाबांध केली: गोळ्यांची बाटली, पेजेचे तांदूळ, चादरी, आगबोटीची तिकिटं. दीर अंगणात आले.

"सोरो पिवन फुगलो तो. मुंबैक न्हेवन काय गो, गाळून काढतलस?"

"व्हय. थेंब जरी सोरो निघालो, तर तुमकाच पाजतलय."

मुंबईच्या डॉक्टरांनी गोळ्या पाहिल्या. या गोळ्या दमा आवरतात, पण अंगाची रोगाशी लढायची ताकदही कमी करतात, असं त्यांनी सांगितलं. पोटातल्या पाण्याचा थेंब काळ्या शाईत कालवून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. काळोखात गोल कण, प्रत्येकाभोवती पांढरं कडं.

"बुरशी आहे. क्वचितच दिसते. दारूचा काही संबंध नाही."

सलाइनमधून औषध गेलं. हुडहुडी भरायची, ओकाऱ्या व्हायच्या. पण जगले.

जत्रेला गुरव गाऱ्हाणं घालणार होता. मी नारळ दिला, शब्दही मीच दिले. दीर पुढेच उभे होते.

"बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू गोळ्यांनी आजारी पडलो, सोऱ्यान न्हय!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"जेणा कोणी तेका बेवडो म्हटल्यान, तेचा तोंड तूच बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दीर गप्प. गाऱ्हाण्याला गप्प राहणं म्हणजे देवाला नकार. माणसं वळून बघू लागली. ते पुटपुटले.

"आयकाक येवक नाय," मी म्हटलं.

गुरवाने पुन्हा म्हटलं. या वेळी दिरांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

आजारपणाने ह्यांच्याने पालखी उचलवली नाही. नुसता दांड्याला हात लावून ते पुढे चालले. दीर मागून.