चौलचे घोडे आणि कोलनब्रूकचा डस्टी

आमच्या घरी मंगोल आले ते १९९१ च्या सप्टेंबरात, दर मंगळवारी संध्याकाळी सात ते नऊ. लंडनजवळच्या आमच्या स्लाऊच्या कौन्सिलने ईव्हनिंग क्लासेसचं पत्रक घरोघर टाकलं होतं. त्यात केक सजवणं होतं, शिवण होतं, इटालियन होतं. मी आमच्या ह्यांना म्हटलं, निदान सुतारकाम शिका, बाथरूमचं फडताळ तीन वर्षं लटकतंय. ह्यांनी फॉर्म भरला तो 'मध्ययुगातले व्यापारी मार्ग आणि मंगोल राजवट' या क्लासचा. फडताळ अजून लटकतंच आहे.

श्रीनिवास चौलकर हे माझ्या नवऱ्याचं नाव. तेव्हा वय बावन्न. ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका वेअरहाउसमध्ये ट्रान्सपोर्ट क्लार्क. कुठली लॉरी कधी सुटायची, ड्रायव्हरचे तास कुठे भरतात, पुढे कोण गाडी ताब्यात घेणार, हे सगळं त्यांच्या डोक्यात. तेवीस वर्षं तेच काम. पार्टीत कोणी ह्यांच्याशेजारी बसायला उत्सुक नसे, कारण बोलणं कमी आणि बोललेच तर एखादा प्रश्न. "आपण जेवताना डाव्या बाजूलाच लोणचं का वाढतो?" असं चारचौघांत विचारणारा माणूस. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला त्याची सवय झाली नव्हती.

क्लास घ्यायच्या मिसेस हॅरप, शाळेतून रिटायर झालेल्या, सायकलवरून येणाऱ्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की मंगोलांनी आपल्या रस्त्यांवर ठरावीक अंतरावर ठाणी उभारली होती. तिथे ताजे घोडे तयार असायचे. निरोप्याच्या कमरेला धातूची पट्टी लटकत असायची, ती दाखवली की घोडा मिळायचा, जेवण मिळायचं, आणि तो पुढच्या ठाण्याकडे निघायचा. त्या दिवशी श्रीनिवास घरी येऊन कोटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात उभे राहिले. "आपल्या डेपोसारखंच आहे गं," म्हणाले. "फक्त आपण ड्रायव्हर बदलतो, ते घोडा बदलायचे."

मग उरलेल्या वॉलपेपरच्या पाठीवर नकाशा सुरू झाला. इराणातल्या तब्रीझपासून चीनपर्यंत जाता जाता तो आमच्या पॅसेजभर पसरला, आणि मंजिरी, आमची सतरा वर्षांची लेक, कॉलेजला जाताना रोज समरकंदवरून उडी मारून दाराशी जायची. माझ्या मसाल्यांचीही चौकशी झाली. दालचिनी कुठून, औषधाच्या डब्यातली रेवाचिनी कुठून. एकदा हिंगाची डबी हातात घेऊन गंभीर चेहऱ्याने उभे. "हा कुठून आला असेल?" मी म्हटलं, साउथॉलच्या इंडियन दुकानातून.

नोव्हेंबरात क्लास घोड्यांपर्यंत पोचला. इराणवर मंगोलांचं राज्य होतं तेव्हा आखातातल्या बंदरांमधून दरवर्षी हजारो घोडे जहाजांत घालून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर पाठवले जायचे. मिसेस हॅरप नकाशावर बोट सरकवत ती बंदरं दाखवत होत्या. ठाणे म्हणाल्या, आणि मग चौल. श्रीनिवासनी हात वर केला. "दॅट्स माय नेम," म्हणाले. अलिबागजवळचं चौल, आमच्या आडनावातलं गाव. सगळा वर्ग वळून बघायला लागला. जन्मात पहिल्यांदा लोक आपल्याकडे कौतुकाने बघत होते, असं ह्यांनी मला नंतर सांगितलं, आणि मला त्यांचं वाईट वाटलं.

ते कौतुक पाच मिनिटं टिकलं. इराणातल्या मंगोल दरबाराशी संबंध असलेल्या एका इतिहासकाराने लिहून ठेवलं होतं की हिंदुस्थानातल्या लोकांना घोडा सांभाळता येत नाही. ते त्याला कच्चे जव देत नाहीत, भाजून देतात, लोण्यातुपात शिजवलेलं धान्य खायला घालतात, वर गाईचं तापवलेलं दूध पाजतात. मग घोडे थोड्याच दिवसांत निकामी होतात आणि पुढच्या वर्षी नवे मागवावे लागतात. वर्ग खदखदून हसला. मिसेस हॅरपही हसल्या.

श्रीनिवास घरी आले ते तोंड पाडून. "इतके घोडे आणले, आणि त्यांना खायला काय घालायचं ते कळेना? शक्य नाही. आमच्या आळीतला टांगेवाला घोड्याला भिजवलेले हरभरे आणि गूळ द्यायचा, मी डोळ्यांनी बघितलंय. घोडा कसा तुकतुकीत होता." टर्म संपताना प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं होतं. ह्यांनी विषय ठरवला, 'चौलचे घोडे'. तो इतिहासकार ऐकीव गोष्टी लिहीत होता हे सिद्ध करायचं. आणि सिद्ध करायचं म्हणजे घोडा हवा.

घोडा जवळच्या कोलनब्रूक गावात सापडला. जोन पेन नावाची बाई, सदुसष्ट वर्षांची, नवरा गेलेला, पूर्वी शाळेची बस चालवायची. तिच्या घरामागच्या शेतात डस्टी नावाचा एक करडा, चोवीस वर्षांचा म्हातारा पोनी होता. मूळ तिच्या लेकीचा, कॅरनचा. लेक लग्न करून न्यूझीलंडला गेली आणि पोनी आईकडे राहिला. श्रीनिवास जोनची परवानगी काढून दर शनिवारी गाजरं आणि वही घेऊन जायला लागले. तो किती वेळ चरतो, किती वेळ उभा राहतो, सगळं लिहून काढायचे. जोनला गंमत वाटायची. त्यांना कुंपणापाशी चहा आणून द्यायची.

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी प्रयोग ठरला, टांगेवाल्याच्या हरभऱ्या-गुळाचा. "गाजरांऐवजी थोडं धान्य आणि गूळ दिला तर चालेल का?" असं ह्यांनी जोनला विचारलं होतं, आणि मूठभर चालेल असं ती म्हणाली होती. मी दीड किलो हरभरे भिजत घातले, कारण आमच्याकडे मूठभर काही भिजत घालायची पद्धत नाही. ते मऊ शिजवले, गूळ घातला. श्रीनिवास म्हणाले, तूप घालायचंच तर दोन चमचे पुरे. मी म्हटलं, "अहो, घोड्याला दोन चमचे? दिसायचं तरी कसं ते?" आणि कढवलेल्या तुपाची वाटीच उपडी केली. मग वाटलं, सुकं सुकं कसं खाईल, म्हणून कोमट दूध ओतलं. त्या इतिहासकाराची यादी मी दोन आठवडे घरात ऐकत होते. त्या क्षणी मला ती आठवली नाही.

माझा स्वयंपाक, म्हणून मीही गेले. श्रीनिवासनी बादलीतून एक वाटी काढून डस्टीपुढे धरली. त्याने ती चाटूनपुसून साफ केली आणि माझ्या कोटाला नाक घासलं. हे वहीत लिहायला वळले तेवढ्यात मी दुसरी वाटी दिली. मग तिसरी. "बास आता," ह्यांनी हात वर करून म्हटलं. "मागतोय बिचारा," मी म्हटलं, आणि बादलीच त्याच्यापुढे धरली.

खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. मंजिरीने उन्हाळ्यापासून डाएट धरलं होतं, श्रीनिवास जेवताना मंगोलियात असायचे. माझ्या हातचं कोणी मागून घेतलंय असं कितीतरी महिन्यांत झालं नव्हतं. डस्टीने बादलीचा तळ चाटला आणि मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला.

रविवारी अकराच्या सुमारास आम्ही सहज चौकशीला गेलो. डस्टी शेतात आडवा पडला होता. अंग घामाने भिजलेलं, मान वळवून सारखा आपल्याच पोटाकडे बघत होता. मध्येच उठायचा, पुन्हा कोसळायचा. जोन त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली होती आणि जनावरांची एक तरुण डॉक्टर त्याच्या पोटाला कान लावत होती.

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरने विचारलं.

"नेहमीचंच, सुकं गवत," जोन म्हणाली. "आणि हे गृहस्थ थोडा खाऊ देतात शनिवारी. गाजरं वगैरे."

डॉक्टरने श्रीनिवासकडे बघितलं. "गाजरंच ना?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. मी ह्यांची बाही ओढली. माझ्या मनात एकच आलं, आता हे लोक काय म्हणतील, इंडियन लोकांनी घोडा मारला म्हणतील, इथून निघावं. हे मी लिहितेय कारण ते खरं आहे.

श्रीनिवासनी बाही सोडवून घेतली. आणि लॉरीतला माल वाचून दाखवावा तसं एकेक सांगितलं. हरभरे, सुके असताना दीड किलो, शिजवलेले. गूळ अर्धा किलो. तूप एक वाटी. दूध एक लिटर. काल दुपारी अडीच वाजता. "आय गेव्ह इट टू हिम. ऑल ऑफ इट." सगळं मी दिलं, म्हणाले. मी तिथेच उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

डॉक्टरने बॅग उघडली. "बरं झालं सांगितलंत," म्हणाली. "घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं मागे येत नाही, पुढेच जायला हवं." तिने त्याच्या नाकातून नळी घातली आणि पोटात तेल सोडलं. उद्या दुपारपर्यंत लीद पडली नाही तर या वयात त्याला वाचवता येणार नाही, इंजेक्शन देऊन मोकळं करावं लागेल, असं तिने जोनला हलक्या आवाजात सांगितलं. आम्हाला ते ऐकू आलं.

डस्टी थोडा सावरून उभा राहिला तेव्हा डॉक्टर म्हणाली, त्याला हळूहळू चालवा. जोन त्याची दोरी धरून शेतात फेऱ्या घालायला लागली. तासाभराने तिचा गुडघा धरला, तेव्हा तिने दोरी श्रीनिवासच्या हातात दिली, तीही त्यांच्याकडे न बघता. अंधार पडेपर्यंत हे चालवत राहिले. मी फाटकाशी उभी. उभ्या जन्मात माझं तोंड कधी बंद राहिलं नव्हतं, ते त्या दिवशी राहिलं.

घरी मंजिरीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, घोडाला थ्रो अप होत नाही, एव्हरीबडी नोज दॅट. माझी फ्रेंड लॉरा राइड करते ना, तिला विचारायचा होता." आणि मग माझ्याकडे बघून, "आई, तू का एवढी शांत आहे?" मी म्हटलं, थंडी बाधली.

सोमवारी श्रीनिवास कामावर गेले नाहीत. साडेनऊला फोन वाजला. ह्यांनी उचलला, ऐकलं, आणि विचारलं, "किती?" मग, "दोनदा? बरी आहे ना दिसायला?" जोन लिदीची खबर देत होती. हे फोन ठेवून पॅसेजमध्ये नकाशावरच खाली बसले आणि ढसाढसा रडले. मीही रडले. त्यांना वाटलं मी आनंदाने रडतेय.

मंगळवारी त्यांचं भाषण. आधी लिहिलेले कागद त्यांनी फाडून टाकले होते. वर्गात घरच्यांना यायची मुभा होती, म्हणून मी गेले. मागच्या रांगेत बघते तर जोन बसलेली. तिला ह्यांनीच बोलावलं होतं.

"तो इतिहासकार बरोबर होता," श्रीनिवास उभं राहून म्हणाले. "मी तपासून बघितलं." आणि सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. मग त्यांनी आपला प्रश्न मांडला. "ती माणसं मूर्ख नव्हती. सबंध किनाऱ्यावर त्यांचा व्यापार होता. घोडे डोळ्यांदेखत बिघडत होते, तरी दरवर्षी तेच खाऊ का घालत राहिली? मंगोलाचा घोडा बर्फ उकरून स्वतःचं गवत शोधतो. त्याला कोणी वाढत नाही. आमच्या बंदरात जो घोडा उतरत होता, तो कित्येक दिवस जहाजात उभा राहून आलेला. बरगड्या दिसत असणार. असा कोणी दाराशी आला की आमच्या घरातलं माणूस आधी स्वयंपाकघरात जातं. माझ्याकडे याला पुरावा नाही, हा अंदाज आहे." मिसेस हॅरप ते लिहून घेत होत्या.

मग चहा झाला. हे लोकांच्या प्रश्नांत अडकले होते. मी कप घेऊन जोनपाशी गेले.

"जोन," मी म्हटलं, "माझी चूक त्यांनी स्वतःवर घेतली. त्यांनी एकच वाटी दिली होती. बास म्हणाले होते. बाकीची सगळी बादली मी खायला घातली."

ती चहा ढवळत राहिली. "मला माहीत आहे," म्हणाली. "मी किचनच्या खिडकीत होते. त्यांनी हात वर केला आणि तू बादली पुढे केलीस, ते मी बघितलं."

"मग ओरडून थांबवलं का नाहीस मला?"

जोनने कप खाली ठेवला. "कॅरन गेल्यापासून त्याला इतक्या मायेने कोणी भरवलं नव्हतं," ती म्हणाली. "मूठभरापेक्षा जास्त आहे हे दिसत होतं मला. पण म्हटलं, खाऊ दे." मग म्हणाली, "घोडा माझा होता. मीच थांबवायला हवं होतं."

मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.