कणकी, फिरोजी, डाळिंबी : जुबेदाआपांचे तीन रंग

जुबेदाआपांशी माझी पहिली भेट भांडणाने झाली असे मला लिहिता येणार नाही. भांडायला दोघी लागतात, आणि आपा त्या दिवशी माझ्याशी बोलल्याच नाहीत. दारव्ह्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत पंधरा ऑगस्टचा फलक सजवण्याचे काम माझ्याकडे होते. मी विज्ञान शिकवत असे. रंगीत कागद जितके जास्त तितका फलक चांगला, असा माझा साधा हिशेब होता. चित्रकलेच्या नव्या बाई आदल्या दिवशी रुजू झाल्या होत्या. त्या आल्या, फलकासमोर उभ्या राहिल्या आणि एकेक कागद उचकटू लागल्या. तीन रंग उरले तेव्हा थांबल्या.

"हे काय चालवलंय?" मी विचारले.

"बाई, सगळे एकदम बोलले तर ऐकू काय येईन?" एवढेच म्हणून त्या वर्गावर निघून गेल्या. मी रागाने मागे सरकले आणि लांबून फलक पाहिला. फलकावर लिहिलेला मजकूर पहिल्यांदाच वाचता येत होता. मी कागद पुन्हा लावले नाहीत.

आपांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या चित्रांवर आणि त्यांच्या विद्यार्थिनींवर इतर मंडळी लिहिणार आहेत. मला संपादकांनी "त्यांच्या तीन रंगांविषयी" लिहायला सांगितले. ते रंग आता नागपूर-पुण्यापर्यंत गेले आहेत. ते आले कुठून आणि टिकले कसे, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून लिहिते.

आपांचे वडील पिंजारी. बाजाराच्या रस्त्याला त्यांचे गादी-रजईचे दुकान होते. त्या काळी सोव्हिएत देशातून गुळगुळीत कागदाची मासिके येत. ती वाचणारे थोडे, पण वह्यांना कव्हरे घालणारे घरोघर. अशाच रद्दीतले एक पान अब्बांनी चार लाकडी पट्ट्या ठोकून दुकानाच्या भिंतीवर लावले. खाली स्टोव्ह होता, त्यावर दिवसभर चहा उकळे. पानावर उझबेकिस्तानातल्या समरकंदची एक कमान होती. गव्हाळ विटांची भिंत, तिच्यावर फिरोजी फरशांची नक्षी, आणि समोर एक बाई. तिच्या अंगात पायघोळ झगा. झग्यावर डाळिंबी नक्षी, पण तिच्या कडा पाण्यात विरघळल्यासारख्या. तिकडे सूत आधी रंगवतात आणि मग विणतात, म्हणून कडा अशा पसरतात, हे आपांनी मला नंतर सांगितले. बाईच्या पायाशी कापसाचा ढीग होता. अब्बांनी पान लावले ते त्या ढिगासाठी. गिऱ्हाइकाला ते म्हणत, "तिकडंबी कापूसच पिकते, अन् पाह्य, बाई कशी नटली हाये!"

अब्बांच्या माघारी आपांनी ते पान वर्गात आणून टांगले. का आणले, ते सांगते.

कापसाची वाईट वर्षे सुरू झाली होती. कधी बोंडअळी, कधी पाऊस नाही, कधी भाव नाही. शाळेत ते सर्वांत आधी चित्रकलेच्या तासाला दिसले. एका बाकावर चोवीस रंगांचा डबा, शेजारच्या बाकावर एक निळी पेन्सिल, तीही धाकट्या बहिणीशी वाटून घेतलेली. बंजारा तांड्यावरून येणाऱ्या मुली "वही विसरली" असे सांगून चित्रकलेच्या दिवशी मागे बसू लागल्या. आपांनी कोणालाही रंग दान केले नाहीत. त्यांनी नियम केला : या वर्षी वर्गात फक्त त्या पानावरचे तीन रंग. कणकी, फिरोजी, डाळिंबी. ते शाळा देईल, म्हणजे आपा घरून कालवून आणतील. बाकी सर्व डबे बंद.

एका व्यापारी पालकांना ते पटले नाही. ते सरळ माझ्याकडे आले, कारण तोवर मी मुख्याध्यापिका झाले होते. आपांना मी बोलावून घेतले.

"पोरीले चोवीस रंगांचा डबा घेऊन देल्ला," ते म्हणाले, "अन् तुम्ही तीनच वापरू देता. काहून?"

"डबा घरी वापरू द्या न, भाऊ," आपा म्हणाल्या. "शाळेत आमचा अभ्यासक्रम उझबेकी हाये."

पालक गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. असा अभ्यासक्रम कुठल्याही खात्याने काढलेला नव्हता. मी गंभीर चेहऱ्याने सांगितले, "होय, उझबेकीच आहे." ते गेल्यावर आपा एवढ्या हसल्या की शिपाई आत डोकावला. त्या वर्षी तांड्यावरच्या मुलींची वही एकदाही विसरली नाही. आपांची करुणा अशी असते. ती घेणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

रंग किती वापरायचा, हेही त्यांनी मुलींना जेवणावरून शिकवले. भाकरीएवढा कणकी, भाजीएवढा फिरोजी आणि ठेच्याएवढा डाळिंबी. "ठेचा कोणी भाकरीएवढा खाते का वं?" हा प्रश्न त्यांच्या प्रत्येक विद्यार्थिनीच्या कानात आजही असेल.

निवृत्तीनंतर माणसे घरी बसतात. आपांनी बंद पडलेल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, कचेरीची खोली मागून घेतली आणि तिथे बायकांचे रजई केंद्र काढले. शेतात वेचणीला कापूसच नसेल तर वेचणाऱ्या बायकांनी हिवाळाभर करायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. पहिल्या दोन वर्षांत बायकांनी हाताला लागतील त्या चिंध्यांच्या रजया शिवल्या. त्या बाजारात पडून राहिल्या. जिनिंगच्या मालकांनी स्वच्छ सांगितले : संक्रांतीपर्यंत केंद्र आपल्या पायावर उभे राहिले तर ठीक, नाहीतर खोली खताच्या गोदामाला देणार. माणूस वाईट नव्हता. वर्षे वाईट होती.

तेव्हा आपांनी अब्बांचे पान केंद्रात आणले आणि तोच नियम लावला. मांजरपाट आणायचे, तीनच रंगांत रंगवायचे, आत आपल्याच भागातला कापूस भरायचा. बायकांनी कुरकुर केली. सर्वांत मोठा आवाज शेवंताबाई राठोडांचा. त्या बंजारा तांड्यावरच्या. त्यांच्या हाताचा टाका मुंगीच्या पावलाएवढा, आणि आरसे-कवड्या-रंग यांशिवाय कापड म्हणजे त्यांना कफनच वाटे.

"अगं याडी!" त्या आपल्या बोलीत आईच्या नावाने ओरडल्या. "तीन रंगांची रजई? हे तं बिनबँडचं लग्न झालं, आपा."

"लग्नात झोप येते का कोणाले?" आपांनी विचारले. "आपण झोपाची वस्तू करून राह्यलो, शेवंता."

शेवंताबाई बोलल्या तरी कामाला बसल्या. डाळिंबी तुकड्याच्या कडेवर त्यांनी आपला मुंगीटाका असा काही आडवा घातला की ती कड पानावरच्या झग्यासारखी पसरल्यागत दिसू लागली. आपांनी ती कड सर्वांना दाखवली. पुढे सर्वांनी तसाच टाका घालायला शेवंताबाईंकडून शिकून घेतला.

दिवाळीनंतर नागपूरच्या एक वास्तुरचनाकार बाई, रेवती मॅडम, केंद्रात आल्या. एका नव्या अतिथिगृहाच्या सर्व खोल्यांना त्यांना रजया हव्या होत्या. हे काम मिळाले तर खोली वाचणार होती, हे प्रत्येक बाईला ठाऊक होते. त्या दिवशी मीही हजर होते. मॅडमनी रजई पसरली, हात फिरवला आणि विचारले, "ही रंगसंगती कुठली?"

"समरकंदची," चार-पाच जणी एका सुरात म्हणाल्या.

मॅडमनी रजई उजेडाकडे धरली. "मी समरकंद पाहिलंय. कणकी बरोबर आहे, डाळिंबीही फार छान. पण हा फिरोजी तिथला नाही. तिथला निळा स्वच्छ आहे, आभाळासारखा. याच्यात हिरवट झाक आहे."

सगळ्यांची तोंडे उतरली. आपा उठल्या, पान भिंतीवरून काढले आणि चाकूने एक पट्टी सैल केली. पट्टीखाली बोटभर कागद झाकलेला राहिला होता. तिथला फिरोजी लख्ख निळा होता. बाकीच्या पानावर वर्षानुवर्षांचा स्टोव्हचा धूर आणि चहाची वाफ बसली होती. त्या धुराने निळ्याला पिवळे पाणी चढवले होते, आणि आम्ही इमानाने त्या धुरासकट रंग उतरवला होता.

सर्वांत आधी शेवंताबाई हसल्या. "म्हंजे आपा, इतके दिवस आपण तुमच्या अब्बाच्या चहाचा रंग इकून राह्यलो का?"

मग सगळीच खोली हसली. मॅडमही हसल्या. त्या म्हणाल्या, "खरं सांगू? मला हाच जास्त आवडलाय. डोळ्यांना शांत वाटतो. बदलू नका. फक्त आमच्या माहितीपत्रकात 'अस्सल समरकंदी रंग' असं छापावं लागेल. पाहुण्यांना तेच हवं असतं."

"ते नाही जमणार," आपा म्हणाल्या.

हसणे थांबले. मॅडमनी विचारले, "कोणाला कळणार आहे?"

"मले कळलं न, आत्ताच. पोरींना नोकरीभर सांगतलं, जे पाह्यलं नाही त्याच्याखाली सही करू नका. आता म्हातारपणी मी करू?"

मॅडम चिडल्या नाहीत. अतिथिगृहाच्या मालकांना विचारून कळवते, एवढे बोलून गेल्या. गाडी फाटकाबाहेर पडली तशी शेवंताबाईंनी सुई खाली ठेवली.

"हरिश्चंद्र व्हाचं होतं तं एकटीनं व्हाचं होतं, आपा. आमाले कायले घेऊन बुडता? तुमाले पेन्शन हाये. आमाले ही खोली हाये."

ते खरे होते, म्हणून कोणी मध्ये पडले नाही. मीही पडले नाही. आपांनी उपदेश केला नाही. त्या शेवंताबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या.

"बराबर बोलली तू," त्या म्हणाल्या. "खोली तुमची हाये, मंग ठरवाचं बी तुम्हीच. तू म्हणशीन तं आत्ता फोन करतो अन् सांगतो, अस्सल हाये. फक्त एक सांग. त्या कागदावर नाव कोणाचं टाकू, तुह्यं का माह्यं?"

शेवंताबाईंनी खाली ठेवलेली सुई पुन्हा उचलली. ज्या रजईवरून हे सारे झाले ती त्यांच्याच मांडीवर होती. शेवटी म्हणाल्या, "आपल्या दोघींचं नको. तुमच्या अब्बाचं टाका. चहा त्यायचा."

त्यांनी हे टोमण्यासारखे म्हटले होते. आपांनी मात्र त्यांच्या पाठीवर थाप मारली. "हेच टाकू!" मला कागद घ्यायला लावला आणि बायका सांगत गेल्या, मी लिहीत गेले. प्रत्येकीने एकेक शब्द घातला किंवा काढला. शेवटी चिठ्ठी अशी झाली : "ही रंगसंगती समरकंदच्या एका चित्रावरून घेतली आहे. कणकी तिथल्या विटांचा. डाळिंबी तिथल्या झग्याचा, त्याच्या कडा राठोडांच्या तांड्यावरच्या टाक्याने सोडवल्या आहेत. फिरोजी अर्धा समरकंदचा आणि अर्धा दारव्ह्याचा. तो आमच्या पिंजारी अब्बांच्या दुकानात चहाच्या धुरावर पिकला." माझ्या शुद्धलेखनापलीकडे त्यात माझे काही नाही.

चिठ्ठी नागपूरला गेली. उत्तर यायला वेळ लागला. त्या दिवसांत केंद्रातले वातावरण काही गोड नव्हते. शेवंताबाई आपांशी तुटक बोलत, पण कामाला येत. आपा रोज सर्वांच्या आधी येऊन खोली झाडत.

संक्रांतीच्या आधी मॅडमचा फोन आला. अतिथिगृहाच्या मालकांनी चिठ्ठी वाचली, दुसऱ्यांदा मोठ्याने वाचून घरच्यांना ऐकवली, आणि सांगितले की माहितीपत्रक राहू द्या, हीच चिठ्ठी प्रत्येक खोलीत रजईवर ठेवा. काम मिळाले. फोन आपांच्या हातात होता. त्यांनी तो तसाच शेवंताबाईंना दिला. शेवंताबाईंनी सगळे पुन्हा एकदा ऐकून घेतले, मग नागपूरला विचारले, "मॅडम, त्याच्यात राठोड नीट लिवलं हाये न?"

त्या संक्रांतीला खत दुसऱ्या गोदामात उतरले. आमच्या खोलीत तिळगूळ वाटला गेला, आणि शेवंताबाईंनी गोर, म्हणजे बंजारा, बोलीत एक गाणे म्हटले. त्यात आपांना कोणते टोमणे होते ते त्यांनी अजून सांगितलेले नाही. आपा टाळ्या वाजवत होत्या.

आज केंद्र त्याच खोलीत आहे. ज्या मुली कधीकाळी चित्रकलेच्या तासाला मागे बसत, त्यांतल्या दोघी आता तिथे रंग कालवतात. गुणवत्तेच्या बाबतीत आपा अजूनही निर्दय आहेत. वाकडा टाका दिसला की उसवायला लावतात, मग तो टाका कोणाचाही असो. माझा एकदा उसवला आहे.

या पंचाहत्तरीला विद्यार्थिनींनी ठरवले आहे की आपांना खरोखरीचे समरकंद दाखवून आणायचे. पासपोर्टचा फोटो काढून झाला. त्यात आपा फोटोग्राफरवर रागावलेल्या दिसतात, कारण मागचा पडदा त्यांना पसंत नव्हता. रजयांचा हंगाम संपल्याशिवाय आपण हलणार नाही, असे त्यांनी बजावले आहे. शेवंताबाईंनी दुसरी अट घातली : "पाहून या, आपा. पण तिथला निळा मनात भरला म्हणून इथला बदलसान तं मी दार उघडणार नाही." आपांनी कबूल केले, तेही साक्षीदारांसमोर.

आपांचे गुडघे दुखतात आणि डॉक्टरांचे त्या ऐकत नाहीत, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून मी इथे कडक शब्दांत लिहून ठेवते : आपा, गोळ्या वेळेवर घ्या. तुमची नजर सुई ओवण्याइतकी तेज राहो, पाय त्या कमानीपर्यंत तुम्हाला नेवोत, आणि त्या निळ्यासमोर मनसोक्त उभे राहून तुम्ही सुखरूप परत या. आमचे पुष्कळसे टाके अजून वाकडेच पडतात, आणि ते उसवायला लावणारे आमच्याकडे दुसरे कोणी नाही.