सिस्टरांच्या नावावर खपवलेलं वाक्य

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझं डोकं सारखं दुखायचं, म्हणून तिसगावात सिस्टर मार्थाबाईंकडे बीपी मोजून घ्यायला गेलो, ती आमची पहिली भेट. दवाखान्यातली नोकरी संपून वर्षं झाली तरी सगळा गाव त्यांना सिस्टरच म्हणतो. दंडाला पट्टा बांधता बांधता त्यांनी विचारलं, "गुरुजी, जेवता कुठे?"

"ओट्यापाशीच. उभ्याउभ्या."

पत्नी गेल्यापासून ताट वाढून घ्यायचं माझ्या जिवावर येई, हे त्यांनी ओळखलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी रोज घ्यायची आणि रोज बसून जेवायचं, असं त्यांनी एका दमात बजावलं. दोन्हींचा मला गुण आला.

चर्चच्या आवारात त्यांचा सकाळचा वर्ग भरतो. सांधे मोकळे करायचे, सावकाश श्वास घ्यायचा आणि मग अर्धा तास नुसतं बोलायचं. कुणाची शुगर, कुणाचे गुडघे, कुणाची न बोलणारी सून, सगळं तिथे निघतं. एका बागायतदारांना झोप लागत नव्हती. सिस्टरांनी त्यांना सख्ख्या भावाशी धरलेला अबोला सोडायला लावला. तेच गृहस्थ पुढे छातीत दुखतंय म्हणाले, तेव्हा श्वासबिस काही न सांगता सिस्टर त्यांना जीपमध्ये घालून नगरला घेऊन गेल्या. मन निवलं की शरीर साथ देतं, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही, हा त्यांचा दंडक आहे.

मी त्यांचा मदतनीस झालो. "आता वर्ग गुरुजींच्याच जिवावर चालतो," असं त्या चारचौघांत म्हणत आणि ते माझ्या डोक्यात गेलं. चार वर्षांपूर्वी त्या आठ दिवस बहिणीकडे राजूरला गेल्या होत्या. वर्ग सुटल्यावर अनसूयामावशींनी मला एकट्याला गाठून विचारलं, "गुर्जी, श्वास चांगला जमतोय. बीपीची गोळी बंद केली तर चालंल का?"

मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मोठेपणा आडवा आला. मी म्हणालो, "सिस्टर मला तेच सांगून गेल्यात. तुमची गोळी आता सुटली. माझी तर केव्हाच सुटली." हे बोललो त्या सकाळी मी माझी गोळी घेऊन आलो होतो. याची मला आजही लाज वाटते.

महिन्याभरात मावशींना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. मुलगा वर्गात येऊन सिस्टरांना म्हणाला, "तुमीच गोळी बंद करायला सांगितली म्हनं. आई तेच म्हनती." सिस्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली सतरंजीकडे बघत उभा होतो. त्या त्याला म्हणाल्या, "वर्ग माझा आहे. चूक माझीच झाली."

मग निम्मा वर्ग यायचा बंद झाला. बाजारात लोक त्यांना पाहून कुजबुजत. त्या मात्र रोज दुपारी मावशींच्या घरी जाऊन हाताचा व्यायाम करून घेत आणि मावशींची बोलणी खाली मान घालून ऐकत. मी सोबत जाई. तोंड उघडत नसे. सिस्टरांनी मला जाब विचारला नाही, की वर्गातून काढलं नाही. एकदाच म्हणाल्या, "गुरुजी, जेवताय ना वेळेवर?" त्यापेक्षा मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं.

सिस्टरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवअंकाची कच्ची छपाई तपासायला माझ्याकडे आली. त्यातल्या जीवनपरिचयात एक वाक्य होतं: "एका प्रसंगी सिस्टरांचा सल्ला चुकला, तरी त्यांनी उदार मनाने चूक मान्य केली." माझं पाप त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या अंकात त्यांच्या नावावर छापलं जाणार होतं, आणि तेही कौतुक म्हणून. संपादकांना सांगून मी ते वाक्य काढायला लावलं आणि त्याच्या जागी हा लेख दिला.

तो देण्याआधी मावशींकडे गेलो. डाव्या हाताने शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देतील. हातातली शेंग सुपात टाकून त्या म्हणाल्या, "तुमचं ऱ्हाऊ द्या, गुर्जी. चार वर्सं मी त्या बाईला नाही नाही ते बोलले. ते आता कसं माघारी घ्यायचं?"

मी खाली बसलो आणि त्यांच्यासोबत शेंगा फोडू लागलो.

सिस्टर मार्थाबाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. मावशींना आणि मला अजून त्यांची माफी मागायची आहे, आणि त्याला पुष्कळ दिवस लागतील.