काठीला बांधलेला टॅग

एका गुरुवारी कन्नड रोडवरच्या फाट्यावर रस्ता ओलांडताना माझी पत्नी सुमती टेंपोखाली गेली. साडेपाचला तिने 'निघाले' असा मेसेज केला होता. तो मी मीटिंगमध्ये वाचला.

ती त्या भागातल्या शाळेत शिकवायची. शाळा सुटली की 'निघाले', एसटी मिळाली की 'बसले', असे दोन शब्द रोज यायचे. त्या अंदाजाने मी पुंडलिकनगरला घरी पोचून चहाचं आधण ठेवायचो. त्या दिवशी 'बसले' आलं नाही. रेंज नसेल, असं मी धरलं. आधण ठेवलं, दोन कपांचं.

पुढच्या वर्षी कंपनीकडे त्याच रस्त्याचं काम आलं. ते मी मागून घेतलं. आमची कंपनी एमआयडीसीत गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स बनवते आणि मी तिथे सॉफ्टवेअर लिहितो. काम सांगायला सोपं होतं. बसमध्ये एक डबी आणि त्या रस्त्यावरच्या एका आंधळ्या वळणावर खांबाला एक पेटी. डबी सेकंदाला दहा वेळा सांगते: मी इथे आहे, या वेगाने निघाले आहे, या दिशेने, माझी लांबी इतकी. पेटी ते ऐकते आणि पुढे धोका असेल तर ड्रायव्हरसमोरच्या स्क्रीनवर लाल दिवा लावते. सगळा हिशेब त्या पेटीतच होतो. दूरच्या शहरातल्या सर्व्हरला विचारत बसलं, तर उत्तर यायच्या आत बस वळणावर पोचते. रेंजही तिथे धड नसते. याला एज कंप्युटिंग म्हणतात. ज्याच्या डोळ्यांसमोर घडतंय, त्यानेच ठरवायचं.

डबीचे ते 'निघाले आहे'चे मेसेज स्क्रीनवरून सरकताना पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मी लॅपटॉप थोडा वेळ मिटून ठेवला.

त्या वळणावर हिवाळ्यापासून मेंढरांचे कळप रस्ता ओलांडतात. मेंढरांना डबी कशी लावणार? कळपाच्या पुढे एक शेळी चालते, बाकी सगळं तिच्यामागे येतं. म्हणून आम्ही तिच्या गळ्यात काडेपेटीएवढा टॅग बांधला. आमच्या सॉफ्टवेअरला फक्त गाड्या कळत होत्या, तेव्हा कळपालाही गाडी ठरवलं. गाडीची लांबी भरावी लागते. पहिल्या दिवशी कळप दाटीवाटीने उभा होता, तो टेपने मोजला. वीस मीटर. मीच भरले.

कळप सखाराम आणि गयाबाई या नवराबायकोचा होता. चाचणीच्या दिवशी सखाराम हाळी देत पुढे झाला. शेळी रस्त्यावर आली, दिवा लाल झाला, बस लांबच थांबली. शेळी पलीकडे वीस मीटर गेली आणि दिवा हिरवा झाला. ड्रायव्हरने बस सोडली.

गयाबाई रस्त्याच्या मधोमध होत्या. डाव्या काखेत कोकरू, उजव्या हातात काठी, पुढ्यात एक लंगडी मेंढी. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. बस त्यांच्यापासून चार पावलांवर थांबली.

त्यांनी आधी मेंढी पलीकडे नेली. मग माझ्याकडे आल्या.

"सायेब, तुमच्या मशिनीला शेपूट नाय व्हय?"

"चुकलं, बाई. शेळी गेली म्हणजे कळप गेला, असं धरलं होतं."

"शेळीला कुनाची फिकीर? ती जाती झपाझपा. लंगडं, व्यालेलं, कालचं कोकरू, समदं मागं ऱ्हातं. त्यांच्यासंगं मी."

सखाराम पलीकडून ओरडला, "लई येळ लावती ती! कवापासून सांगतोय!"

"तू व्हय म्होरं. तुला दिवा हाय हिरवा."

सोमवारी हे काम ग्राहकाच्या हवाली करायचं होतं. चाचणीच्या रिपोर्टवर माझी सही लागणार होती. आमचे मॅनेजर शिरीष माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, मला सर म्हणतात.

"सर, बस थांबली ना? मग टेस्ट पास."

"ड्रायव्हरच्या डोळ्यांनी थांबली. आपला दिवा हिरवा होता."

"कळप तर गेला होता."

"बाई रस्त्यात होत्या."

"बाई म्हणजे कळप नाही, सर. त्या पेडेस्ट्रियन. पेडेस्ट्रियन फेज टूमध्ये आहेत, पुढच्या टप्प्यात."

सुमतीही फेज टूमध्येच आली असती. हे मी बोललो नाही. एवढंच म्हणालो, "मी सही करणार नाही. वीस मीटर माझे आहेत. ते मला दुरुस्त करू द्या."

शिरीषनी कॅलेंडर उघडलं. शेवटी म्हणाले, "दोन आठवडे. ग्राहकाच्या शिव्या मी खातो."

मी दुसरा टॅग घेऊन गयाबाईंकडे गेलो. कोणत्या मेंढीला बांधू, विचारलं.

"मेंढरू आज हाय, उद्या बाजारात. काठीला बांधा. काठी माझ्या हातातनं सुटत नाय."

सॉफ्टवेअरमध्ये वीस मीटर काढून टाकले. आता कळपाची लांबी म्हणजे शेळीपासून काठीपर्यंतचं अंतर, जितकं असेल तितकं. शिवाय एक अट घातली. काठीच्या टॅगचे मेसेज मध्येच बंद पडले, तर रस्ता मोकळा समजायचा नाही. काठी पलीकडे पोचल्याचं कळेपर्यंत दिवा लाल ठेवायचा. ही अट लिहायला मला चार ओळी लागल्या. सुचायला किती दिवस लागले, ते मला माहीत आहे.

दुसऱ्या चाचणीला शेळी गेली, कळप गेला, दिवा लालच. ड्रायव्हर वैतागला, "हिरवा व्हतो का न्हाई राव हा?" गयाबाई सावकाश आल्या. पलीकडे पोचल्यावर काठी मातीत आपटून म्हणाल्या, "झालं का हिरवं?"

"झालं."

मी रिपोर्टवर सही केली. कंपनीची गाडी परत पाठवली आणि फाट्यापर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंना पाहून रस्ता ओलांडला. दोन्ही बाजूंना पाहून रस्ता ओलांडला. एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. हात आपोआप फोनकडे गेला आणि सुमतीला मेसेज लिहून पाठवल्यावर लक्षात आलं.

या कामातून मी एवढंच शिकलो: निरोप आला नाही, याचा अर्थ सगळं ठीक आहे असा धरायचा नसतो. आमच्या पेटीला हे आता कळतं.

हिवाळ्यात गयाबाईंचा कळप त्या वळणावरून जातो. मी घरी एक कप चहा करतो. फोनमध्ये तिचं 'निघाले' आहे. त्याखाली माझं 'बसलो' आहे, एकाच टिकचं, न पोचलेलं.