दुखणं निघतं कुठून

पाय दुखायला लागला तेव्हा मी पोराला सांगितलं, "गुडघ्यापासून खाली दुखतंय." खरं तर ते निघायचं ढुंगणातून, मांडीच्या मागून पोटरीत उतरायचं आणि अंगठ्यात जाऊन फुटायचं. पण पोटच्या पोरापुढं तो शब्द काढायचा कसा? आमच्या घरात बायकांचं अंग गुडघ्यापासून खाली असतं आणि मानेपासून वर. मधलं सगळं 'पोटात दुखतंय' म्हणून उरकायचं.

मग लागले सगळे गुडघ्याच्या मागं. पाचोडच्या बाजारातून तेल आलं, वर पट्टा आला. गुडघा तेल पिऊन चकचकीत झाला, दुखणं होतं तिथंच. फोटो काढला तर झीज निघाली. या वयात कुणाच्या गुडघ्यात निघत नाय? पोरगं म्हणालं, "आई, वाटी बदलून टाकू." वाटी! जशी काय फडताळातली पोचा पडलेली. आणि मी व्हय म्हणून बसले. धडक्या गुडघ्यावर सुरी चालवून घेईन, पण तोंड उघडणार नाय.

तारीख ठरवायला शहरातल्या हाडाच्या दवाखान्यात गेलो. पोरगं नंबर लावायला गेलं. बाकड्यावर शेजारी खुलताबादची एक बाई होती, माझ्याच वयाची.

"क्या होता, अम्मा?"

"पाय दुखतो."

"दुखता तो सबकू है. कैसा दुखता? मेरेकू तो कुल्हे से एड़ी तक कोई उबलती चाय उंडेलता."

एवढ्या माणसांत कुल्हे म्हणाली, आणि आभाळ काही कोसळलं नाय. मला चेव आला. म्हटलं, "माझ्या पायात लाल मुंग्यांचं वारूळ फुटलंय. अन् मधीच ओल्या हातानं बटण दाबावं तसा झटका!"

"निकलता किधर से?"

मी तिच्या कानात सांगितलं. ती खदखदून हसली. "तो डॉक्टरकू बोलो ना! वो क्या तुम्हारा जेठ लगता?" खरंच की, डॉक्टर काय माझा थोरला दीर नव्हता.

आत डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. पोरगं नेहमीचं सुरू झालं, "आईला गुडघ्यापासून खाली..."

"ढुंगणापासून," मी म्हटलं.

पोरगं पंखा बघायला लागलं. माझं मात्र तोंड एकदा सुटलं ते सुटलं. मुंग्या, झटका, बसलं की तव्यावर बसल्यागत, सगळं ओतलं. डॉक्टरनं मला आडवं केलं अन् पाय सरळ वर उचलला. मी त्याला अशी शिवी हासडली की इथं लिहिता येत नाय. पण गडी खूश!

"आजी, ही कमरेतली नस दबलीय. गुडघ्याला हात लावायचं कारण नाही. आधी का नाही सांगितलं?"

रिक्षात पोरगं हळूच म्हणालं, "निदान मला तरी सांगायचंस."

"तुझं धुताना लाजले नाय रे, माझं सांगताना मात्र जीभ जड झाली!"

त्यानं रिक्षावाल्याकडं डोळे केले, हळू बोल म्हणून.

"ऐकू दे की त्याला," मी म्हटलं. "हळू बोलण्यापायी गुडघा चालला होता माझा."