काकांच्या फोनमधलं चर्च

अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या आमच्या मराठी मंडळींच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर काका मला फोनवर इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं आठशे वर्षांपूर्वीचं चर्च दाखवतात. दोन बोटांनी झूम करून म्हणतात, "बघ, दगडाला कुणी रंग फासलेला नाही. याला म्हणतात कदर." तिथल्या खांबाला काकूंनी नुसता हात टेकवला, तर त्यांच्यावर ओरडले होते म्हणे.

परवा बोट चुकून पुढच्या फोटोवर सरकलं. त्यांच्या गावचं हेमाडपंती देऊळ, तेवढंच जुनं. काळ्या दगडावर गुलाबी ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स.

"मीच करून घेतलं. किती काळंकुट्ट दिसायचं," काका खुशीत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "मग ते चर्च कधी रंगवताय, काका?"

ते मनापासून हसले. "अरे, ते लोक हात तरी लावू देतील का?"